उरलेली जागा

यादी मीच लिहिली होती,
गणिताच्या वहीचं मधलं पान फाडून.
बारा गाणी, निळी शाई, आकड्यांना गोल.
दुकानात मात्र मी गेले नाही.
मोंढ्याकडच्या त्या टपरीत पोरी जात नसत.
भाऊ गेला, पंचवीस रुपये आणि ती घडी खिशात घालून,
आणि मी गच्चीवर
टेपचे सेल उन्हात उलटेपालटे करत बसले,
कुरडया वाळवाव्यात तसे.

समोर थर्मलच्या चिमण्या.
लांब लांबच्या शहरांना उजेड धाडणारी परळी,
आणि सांजच्याला आमचीच लाईट गेलेली.
आई म्हणायची, दिव्याखाली अंधार.
वडील काहीच म्हणायचे नाहीत,
ते तिथंच कामाला होते.
दोरीवरच्या कपड्यांवर राख, जांभळाच्या पानांवर राख,
कॅसेटच्या डबीवर बोट फिरवलं
तरी एक करडी रेघ.

चार दिवसांनी कॅसेट आली.
साठ मिनिटांची. बाराही गाणी क्रमानं.
आम्ही तिघी, मी, कुमुद फड आणि रुक्साना,
दार लावून, आवाज तीनवर,
पावडरचा डबा तोंडापुढं धरून नाचायचो.
मधले इंग्रजी शब्द कुणालाच कळायचे नाहीत.
कुमुद तिथं स्वतःचे घालायची.
एका ठिकाणी ती ठासून "बाभळीला" म्हणायची,
मला आजही तिथं बाभळच ऐकू येते.

आणि दुसरी बाजू संपता संपता,
बाराव्यानंतर, जरा खरखर होऊन,
तेरावं गाणं.
मी न लिहिलेलं.
एका पोराचा आवाज, गिटार,
दोन मिनिटं, त्याहून थोडं जास्त,
मग "तू जर"
एवढंच म्हणून टेप संपायची.
खटकन बटण वर.

भावाला विचारलं.
म्हणाला, जागा उरली असंल, भरली त्यानं.
त्यानं म्हणजे कुणी?
मुनीरभाई पन्नाशीचे, कव्वालीवाले,
त्यांना असलं गाणं कुठून सुचणार?
मग ढिगामागं बसून टेप भरणारा तो दुसरा,
अकरावी ब-चा संगमेश,
ज्याची मान वर्गात कधी वर झाली नाही?
लेबलावर बारा नावं होती, टपोऱ्या अक्षरात.
तेरा आकडा घालून
पुढं नुसती रेघ.

त्यानंतर मी आणखी तीन कॅसेटी भरून घेतल्या.
प्रत्येक यादीत मुद्दाम एक गाणं कमी.
दोनदा जागा तशीच आली, रिकामी,
मी ती अडीच मिनिटंही शेवटपर्यंत ऐकली.
तिसऱ्या खेपेला मुनीरभाईंनी
भावाजवळ दोन रुपये परत पाठवले.
हिशेबाला चोख माणूस.
संगमेश तेव्हा दुकानात नव्हता म्हणे.
आयटीआयला लागला होता, नांदेडला का कुठं.
मी जास्त विचारलं नाही,
भाऊ आधीच माझ्याकडं बघायला लागला होता.

परवा पोरीच्या मोबाईलपुढं
मी नुसतं गुणगुणले,
आणि त्यानं ओळखलं. एवढं सोपं.
गाणाऱ्याचं नाव आलं, साल आलं, फोटोपण आला,
कपाळावर केस ओढलेला कुणी एक.
लागलं गाणं.
मी भाजी निवडत होते, माझा हात थांबला.
तेच गिटार, पण स्वच्छ,
राखेतून कुणी धुऊन काढल्यासारखं.

"तू जर" आलं.
माझा अंगठा आपोआप उचलला गेला.
खटका पडला नाही.
गाणं पुढं चालत राहिलं,
अजून दोन कडवी, टाळ्या, कोरस.
बरं होतं. खरं सांगायचं तर बेताचंच.
"तू जर"च्या पुढं जे होतं
ते कुणीही कुणालाही म्हणालं असतं.

"आई, काय करायलीस? हात का असा धरलास?"
"मागं घे जरा," मी म्हणलं.
तिनं घेतलं.
"आता बंद कर. हां, इथंच.
इथं बाजू संपती."
"कसली बाजू?"